दोन माणसांची मोटार

ज्या वस्तूची आपल्याला खरोखर गरज असते ती विकत घेतांना माणूस बहुधा शहाणपणानें वागतो. तांदूळ घेतांना तो चार दाणे दाताखालीं धरून पाहतो. घर भाड्यानें घेतांना नळाला पाणी किती वाजतां येतें हें आधीं विचारतो. त्याची खरी परीक्षा होते ती गरज नसलेल्या, पण हव्याशा वाटणाऱ्या वस्तूच्या वेळीं. आणि तीच वस्तु जर स्वस्त मिळूं लागली, तर भल्याभल्यांचा विवेक डुलक्या घेऊं लागतो. स्वस्ताई ही अशी कांहीं विलक्षण मोहिनी आहे कीं, 'मला हें हवें आहे' या लाजिरवाण्या कबुलीचें ती 'हें सोडणें वेडेपणाचें होईल' अशा भारदस्त युक्तिवादांत रूपांतर करते.

गेल्या वर्षीं ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मी इंग्लंडांत, कॉव्हेंट्रीस, माझ्या मुलीकडे होतों. माझ्या थोरल्या बहिणीचा धाकटा मुलगा अभय हा त्याच गांवीं एका कारखान्यांत इंजिनिअर आहे. वय सत्तावीस, लग्न व्हावयाचें आहे, कामावर पायीं जातां येतें, वाणसामानाचें दुकान घराखालीं आहे. म्हणजे मोटारीची गरज शून्य. तरी एका रविवारीं तो मला म्हणाला, "मामा, मीं एक गाडी पाहून ठेवली आहे. तुम्ही याल का बरोबर?"

"कशाला हवी रे तुला गाडी?" मीं विचारलें.

"दोन सीटांची आहे. टप उघडतां येतो," तो म्हणाला.

माझ्या प्रश्नाचें उत्तर यांत कोठें आलें हें मला कळलें नाहीं. परंतु सत्ताविसाव्या वर्षीं मीं माझ्या सायकलीला डायनामोचा दिवा बसवून घेतला होता, त्याचें कारण मला कोणी विचारलें असतें तर मींही असेंच कांहीं सांगितलें असतें. त्याच रात्रीं पुण्याहून ताईचा फोन आला. "तूं जा बाबा त्याच्याबरोबर. तो गोड बोलण्याला भुलतो." मोटारींतलें मला कांहीं कळत नाहीं असें मीं तिला सांगितलें. ती म्हणाली, "माणसांतलें कळतें ना?"

ताईच्या काळजीला कारण होतें. अभयजवळ शिलकीचे साडेसहा हजार पौंड होते. यंदाच्या उन्हाळ्यांत त्याच्या व्हिसाची मुदत संपत होती. ती वाढवून घ्यावयाची म्हणजे अर्जाची फी निराळी आणि आरोग्य-अधिभार निराळा; हा अधिभार २०२४ सालीं वर्षाला १,०३५ पौंड झाला, आणि जितकीं वर्षें राहावयाचें तितक्या वर्षांचा तो एकदम, आगाऊ भरावा लागतो. म्हणून चार हजार त्यानें बाजूला काढून ठेवले होते. उरलेले अडीच हजार मोटारीचे. कागदावर हिशेब चोख होता. परंतु जुनी मोटार आपल्या धन्याच्या वहींतल्या रेघा पाळीत नाहीं. दोन हजारांची गाडी महिन्याभरानें आणखी दोन हजार मागूं लागली, तर ते कोणत्या पुडींतून निघणार हें उघड होतें. आणि मग प्रश्न मोटारीचा राहात नाहीं, त्या देशांत राहण्याचाच होऊन बसतो.

आपल्याकडे मोटार म्हणजे पांच जणांसाठीं बांधलेली आणि सात जणांनीं जावयाची वस्तु. त्यामुळें जींत दोनच माणसें बसतात, तिसऱ्याला पाहून जिचें दार मिटतें, सामान म्हणून जींत एक बॅग जेमतेम मावते, अशी मोटार कोणी मुद्दाम बनवील आणि कोणी मुद्दाम घेईल हें आपल्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. इंग्लंडांत मात्र या जातीच्या मोटारीचें जुनें वेड आहे. ज्या देशांत वर्षांतले निम्मे दिवस आभाळ भरलेलें असतें त्यानेंच बिनछपराच्या गाडीवर इतकें प्रेम करावें, हा त्या लोकांच्या स्वभावाचा एक भाग समजावयाचा. ॲबिंग्डन गांवीं एम.जी.चा कारखाना पन्नासेक वर्षें अशा गाड्या बनवीत होता. १९८० सालीं तो बंद पडला. इंग्रजांनीं सोडून दिलेला हा वेल हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीनें आपल्या मांडवावर चढविला. १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत तिनें एम.एक्स.-५ नांवाची लहानशी दोन आसनी मोटार मांडली, आणि २०१६ च्या एप्रिलांत त्या जातीची दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. नवी घेऊं म्हटलें तर किंमत तीस हजार पौंडांच्या घरांत. वीस वर्षांची जुनी घेऊं म्हटलें तर दीड-दोन हजारांत दारांत उभी राहते. पुन्हां पावसाळी थंडी तोंडावर आली कीं विकणारे उतावीळ होतात. अभय पाहात होता तो महिना ऑक्टोबरचा.

या दोन हजारांत काय येतें आणि काय येत नाहीं, हें समजून घेण्यांत आमचे पुढले सहा आठवडे गेले.

व्यापाऱ्याकडून मोटार घेतली तर इंग्लंडच्या २०१५ च्या ग्राहक-हक्क कायद्याप्रमाणें ती समाधानकारक असावी लागते, आणि मुळांतच दोष निघाल्यास तीस दिवसांच्या आंत ती परत करून पैसे मागतां येतात. अर्थात् या आश्वासनाची किंमत व्यापारी तुमच्याच बिलांत धरतो. तीच मोटार एखाद्या गृहस्थाच्या दारांतून घेतली कीं किंमत उतरते आणि छत्रही उडतें. विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्क असावा, वस्तु त्यानें वर्णन केल्यासारखी असावी, आणि त्यानें खोटें बोलूं नये, एवढ्याच अपेक्षा कायदा त्याच्याकडून करतो. तो गप्प बसला तर नुसत्या गप्प बसण्याबद्दल त्याला सहसा जाब विचारतां येत नाहीं. यामुळें विचारणें हेंच घेणाऱ्याचें शस्त्र होऊन बसतें. अपघात झाला होता का, कर्ज आहे का, गंज कोठें आहे, हें एकेक विचारून त्याचें उत्तर लेखी घ्यावयाचें. म्हणजे मग मौनाला शब्दांत उतरावें लागतें, आणि शब्द खोटा ठरला तर दाद मागतां येते. आपण मराठी माणसें येथें फार कच्चीं. समोरच्याला तोंडावर असें विचारणें आपल्याला शिष्टाचाराचा भंग वाटतो, आणि घरीं आल्यावर मात्र आपण त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतों.

या सवलतीमुळें कित्येक व्यापारीच गृहस्थाचें सोंग घेऊन जाहिरात देतात. कायद्यानें तो गुन्हा आहे. पण सोंग ओळखण्याची युक्ति मला अभयच्या कारखान्यांतील एका वृद्ध मिस्त्र्यानें सांगितली, आणि ती मला फारच आवडली. फोनवर गाडीचें नांव न घेतां नुसतें म्हणावयाचें, "तुमच्या गाडीच्या जाहिरातीबद्दल बोलतोंय." ज्याच्या घरीं एकच गाडी विकावयाची आहे तो लागलीच बोलूं लागतो. ज्यानें "कोणती गाडी?" असें विचारलें, त्याचें दुकान आहे!

जाहिरातींची भाषा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आपल्याकडच्या वधूवरांच्या जाहिराती वाचून ज्यांची दृष्टि तयार झाली आहे त्यांना ती कठीण जाणार नाहीं. 'थोडें किरकोळ काम आहे' याचा अर्थ, तें काम किरकोळ असतें तर मीं स्वतःच करून घेऊन किंमत वाढविली असती. 'जागेच्या अडचणीमुळें विकणें आहे' म्हणजे ती एका जागीं फार दिवस उभी आहे. 'विकणें जिवावर येत आहे' हें वाक्य मात्र पुष्कळदां खरें असतें, आणि तें खरें असलें तर त्यापुढें 'पण ठेवणें त्याहून जिवावर आलें आहे' असें मनांत जोडून वाचावें.

कागदपत्रांत इंग्लंडची एक गोष्ट मला कौतुकाची वाटली. तेथें मोटार तीन वर्षांची झाली कीं दरसाल तिची तपासणी करून घ्यावी लागते. १९६० सालीं ही पद्धत सुरू झाली तेव्हां ती दहा वर्षांच्या गाड्यांपुरती होती. आतां या तपासणीच्या गेल्या कित्येक वर्षांच्या नोंदी सरकारनें सर्वांना खुल्या केल्या आहेत; गाडीचा नंबर घातला कीं घरबसल्या, एक पैसाही न देतां, ती कधीं पास झाली, कधीं नापास झाली, त्या दिवशीं मैलांचा आंकडा काय होता, आणि तपासणाऱ्यानें काय शेरे मारले, हें सारें वाचावयास मिळतें. आम्ही रात्रीं जेवणें झाल्यावर हे शेरे वाचीत बसत असूं. कोणाच्या घरच्या दुखण्याचे कागद वाचावे तसें वाटे. एका रुपेरी गाडीच्या नोंदींत एके वर्षीं 'मागील भागीं गंज' असा इशारा होता. पुढच्या वर्षीं तोच इशारा अधिक कडक शब्दांत. तिसऱ्या वर्षीं एकदम कांहींच नाहीं. गंज हा कांहीं आपण होऊन बरा होणारा आजार नव्हे. मग एक तर कोणी पत्रा कापून नवा जोडला, नाहीं तर त्यावर काळा रंग थापला. पहिलें असेल तर त्याचें बिल असावयास हवें. अभयनें फोन करून बिल मागितलें तेव्हां पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "अहो, पास झाली आहे ना?" पास झाली होती हें खरें, पण पास होणें म्हणजे त्या एका दिवशीं पास होणें. परीक्षेचा अनुभव असणाऱ्यांना हें अधिक समजावून सांगावयास नको.

दुसरा कागद म्हणजे मोटारीचें नोंदणीपत्र. हें पत्र गाडीच्या मालकीचा पुरावा नव्हे, असें त्या पत्रावरच छापलेलें असतें! त्यावर नांव असतें तें गाडी सांभाळणाराचें. मालक दुसराच कोणी असूं शकतो. आपल्याकडे याच्या उलट स्थिति आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदींत ज्याचें नांव तो मालक, आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत असें ठरविलें कीं, गाडी विकून ती पुढें अनेक हातीं फिरली असली, तरी नोंद बदललेली नसल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदींतल्या जुन्या मालकावरच राहते. तेव्हां पुण्यामुंबईस ओळखीच्या माणसाला स्कूटर किंवा मोटार देऊन 'नांव बदलून घे सवडीनें' असें म्हणणाऱ्या उदार मंडळींनीं आपलें औदार्य थोडें आवरावें. इंग्लंडांत धोका घेणाऱ्याला. चोरीची गाडी कितीही भोळेपणानें घेतली तरी ती खऱ्या मालकाकडे परत जाते. गाडी हप्त्यानें घेतलेली असून कर्ज फिटलेलें नसेल, तर १९६४ चा एक कायदा प्रामाणिक खासगी खरेदीदाराच्या मदतीला येतो. परंतु नोंदणीपत्र गहाण ठेवून काढलेल्या कर्जाला तो लागू नाहीं. तें कर्ज १८७८ आणि १८८२ सालच्या कायद्यांखालीं चालतें, आणि सावकार तुमच्या दारांतून गाडी ओढून नेऊं शकतो. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत, घरांतली कपाटें-खुर्च्या गहाण पडत त्या काळीं केलेला कायदा आज जपानी मोटारीचें चाक अडवितो! थोडे पौंड भरले कीं कर्ज, चोरी आणि विमा कंपनीनें गाडी मोडींत काढल्याचा इतिहास, या तिन्हींची झडती मिळते. हे थोडे पौंड वांचविणारा माणूस मीं तेथें पाहिला, आणि तो दरमहा त्याहून अधिकाची कॉफी पीत असे.

आतां प्रत्यक्ष गाड्यांकडे वळतों. पहिली गाडी हिरवी होती. विकणाऱ्यानें घरीं न बोलावतां एका मोठ्या दुकानाच्या आवारांत, 'दोघांनाही सोयीचें' म्हणून बोलाविलें होतें. अभयनें तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला. तो चांगलाच गरम होता. ही खूण त्याच मिस्त्र्यानें दिलेली. थंड इंजिन सुरू होतांना जो खोकतें, धूर सोडतें, खडखडतें, तें आधींच तापवून ठेवलें म्हणजे शहाण्या मुलासारखें वागतें. सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेणारे लोक दांत पाहतात, भोंवरे पाहतात, पण अनुभवी माणूस घोडा नुकताच फिरवून तर आणलेला नाहीं ना, हें आधीं पाहतो, असें मला एका खानदेशी मित्रानें सांगितलें होतें. त्याची आठवण झाली. नोंदणीपत्रावर नांव 'एका मित्राचें' होतें. मित्र कोठें आहे तें सांगतां येईना. आम्ही पांच मिनिटांत परत फिरलों.

दुसरी गाडी ही या सहा आठवड्यांतली खरी परीक्षा. ती बर्मिंगहॅमला होती, आणि ती पोर्शे होती. बॉक्स्टर नांवाची, २००० सालच्या सुमाराची, काळीभोर. किंमत साडेचार हजार पौंड. अडीच हजारांचा हिशेब अभयनें आगगाडींतच मोडला. "मामा, ही गाडी नवी होती तेव्हां हिची किंमत काय होती ठाऊक आहे?" असें तो पुन्हां पुन्हां म्हणूं लागला. मला वाटतें, सारा धोका याच वाक्यांत भरलेला असतो. मोटारीची किंमत वीस वर्षांत उतरत उतरत दहाव्या हिश्श्यावर येते. तिच्या सुट्या भागांची, टायरांची, ब्रेकांची आणि ती उघडून बघणाऱ्या कारागिराच्या तासाची किंमत मात्र उतरत नाहीं, उलट चढते. संस्थानिकाचा हत्ती लिलावांत बैलाच्या भावानें मिळाला म्हणून तो बैलाइतकी वैरण खात नाहीं. या पहिल्या बॉक्स्टरांच्या इंजिनांत एका आंतल्या दांड्याचें बेअरिंग आहे; बहुतेक गाड्यांत तें मुकाट्यानें आपलें काम करतें, पण कांहींत तें तुटतें, आणि तुटलें कीं सगळें इंजिन निकामी करून टाकतें. २००१ ते २००५ सालच्या कांहीं गाड्यांबद्दल अमेरिकेंत त्यावरून दावा झाला आणि २०१३ सालीं तो तडजोडीनें मिटला. नवें इंजिन बसवावयाचें तर गाडीच्या किंमतीहून अधिक खर्च.

विकणारा तिशीचा, सालस चेहऱ्याचा तरुण होता. त्याच्या कडेवर चार-पांच महिन्यांची मुलगी होती. तो खोटें कांहींच बोलला नाहीं. बेअरिंग बदललें आहे का, या प्रश्नाला "मला ठाऊक नाहीं" म्हणाला, शेवटची मोठी देखभाल कधीं झाली, तर "माझ्याकडे आल्यापासून नाहीं." चारी चाकांना चार निरनिराळ्या कंपन्यांचे टायर होते. त्यानें दोन वर्षें ती हौसेनें फिरविली होती, आणि जो खर्च करावयास हवा होता तो केला नव्हता, कारण करणें त्याला शक्यच नव्हतें. तो लबाड असता तर आम्हांला सोपें गेलें असतें. त्यानें आपल्याला न पेललेलें ओझें अत्यंत सौजन्यानें अभयच्या खांद्यावर ठेवावयास काढलें होतें, आणि अभयचा खांदा पुढें होत होता. मीं फक्त विचारलें, "व्हिसाचे किती ठेवले आहेस?" तो कांहीं बोलला नाहीं. परततांना आगगाडींत तो खिडकीबाहेर पाहात बसला. मींही त्याला छेडलें नाहीं. मन मारण्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

त्यानंतर त्यानें पोर्शेचें नांव सोडून पुन्हां एम.एक्स.-५ कडे मोर्चा वळविला, पण या खेपेस डोळे उघडून. या गाडीचें इंजिन दणकट. तिचा काळ म्हणजे गंज. तो कसा लागतो हें ऐकण्यासारखें आहे. कापडी टपावर पडलेलें पावसाचें पाणी मागच्या कडेच्या पन्हळींत उतरतें आणि सीटांच्या मागें दोन्ही कोपऱ्यांत असलेल्या नळ्यांतून खालीं जमिनीवर जातें. पानगळींतला पाचोळा आणि धूळ त्या नळ्यांत बसली कीं पाणी तुंबतें, आणि वाट सांपडेल तिकडे शिरतें. दाराखालून लांबीनें जाणारी जी पत्र्याची पोकळ पेटी असते, मोटारीचा उंबरठाच म्हणाना, तिच्यांत तें साचतें. पत्रा आंतून कुजूं लागतो. बाहेर रंग चकचकीत. त्यांत तेथें हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, तें खालून आपलें काम करतें. कोंकणांतल्या घराचा वासा वाळवीनें पोखरावा, वरचा तेलपाण्याचा तकाका तसाच असावा, आणि एके दिवशीं बोट दाबतांच तें आंत जावें, तसा हा प्रकार. हा उंबरठा शोभेचा नव्हे. गाडीला छप्पर नसल्यामुळें तिची बरीचशी ताकद तेथेंच असते, आणि टक्कर झाली तर माणसाच्या हाडांचा प्रश्न असतो. म्हणून अभय खिशांत एक लहान लोहचुंबक रुमालांत गुंडाळून नेऊं लागला. पुट्टी भरून रंगविलेल्या जागीं चुंबक चिकटत नाहीं. एका गृहस्थाच्या दारीं तो त्या उंबरठ्यावरून चुंबक फिरवीत असतां हातभर जागेंत तो तीन वेळां गळून पडला. गृहस्थानें तें पाहिलें, आणि आम्हीं विचारण्यापूर्वींच किंमत चारशें पौंडांनीं खालीं आणली!

शेवटची गाडी लेमिंग्टनजवळ एका लहानशा गांवीं होती. जाहिरात चार ओळींची. निळी, २००३ सालची, किंमत बाराशें पौंड. मला आंकडा वाचूनच संशय आला. दार एका सत्तरी उलटलेल्या बाईंनीं उघडलें. गाडी त्यांच्या यजमानांची. ते मार्चमध्यें वारले होते. गाडी छपराखालीं, बॉनेट थंड, टायर चारी सारखे. नोंदणीपत्र अजून यजमानांच्याच नांवें होतें, पण त्याबरोबर मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचा कागद त्यांनीं नीट लावून ठेवला होता. मग त्यांनीं एक जाड वही आणून दिली. वीस वर्षांत भरलेल्या पेट्रोलाचा प्रत्येक थेंब तिच्यांत तारखेनिशीं लिहिलेला होता. नळ्या साफ केल्याच्या तारखा तांबड्या शाईनें, वर्षांतून दोनदां. अभयनें चुंबक खिशांतून काढलें, आणि बाईंकडे पाहून पुन्हां खिशांत ठेवलें. मग माझ्याकडे पाहून पुन्हां काढलें. उजव्या बाजूला मागें एका बोटाएवढ्या जागीं गंज धरूं लागला होता. बाकी सारी स्वच्छ.

बाई चहा करावयास आंत गेल्या. आम्ही अंगणांत उभे. परक्याच्या दारांत आपल्या भाषेंत बोलण्याची एक सोय असते, आणि त्या सोयीची थोडी लाजही वाटते.

"मामा," अभय म्हणाला, "ह्या बाईंना किंमत ठाऊक नाहीं. ही दोन हजारांना डोळे मिटून जाईल."

मीं म्हटलें, "बरें."

"म्हणजे आठशें पौंड वांचतात."

मी कांहीं बोललों नाहीं. सहा आठवडे आम्ही दुसऱ्याच्या मौनाला भीत हिंडत होतों. आतां मौन आमच्या हातीं आलें होतें, आणि तें कायद्यानें अगदीं शुद्ध होतें. बाराशें मागितले, बाराशें दिले. यांत कोणीं कोणाला काय सांगावयाचें होतें? शिवाय पैशाची गरज कोणाला अधिक, असें म्हटलें तर पारडें अभयच्याच बाजूला झुकत होतें. मी त्याचा मामा असलों तरी पैसे त्याचे होते, आणि सत्तावीस वर्षांच्या माणसानें असे प्रश्न मामाकडे पाहून सोडवूं नयेत असें माझें मत आहे. त्यानें पुष्कळ वेळ टायराकडे पाहिलें.

चहा घेतांना त्यानें बाईंना सांगितलें कीं, अशी जपलेली गाडी दोन हजारांच्या आसपास जाते, तेव्हां त्यांनीं कोणा माहितगाराला विचारून मग आंकडा ठरवावा. बाई गोंधळल्या. "पण तुम्ही घ्यायला आलांत ना?" असें त्यांनीं विचारलें. मग त्या म्हणाल्या कीं, दिरांना विचारून कळवितें. फोन नंबर लिहून देऊन आम्ही निघालों.

आठवडा गेला. फोन आला नाहीं. अभय सारखा जाहिराती पाहात होता. ती गाडी जाहिरातींतून नाहींशी झाली होती. "विकली असेल," तो म्हणाला. "दिरानेंच घेतली असेल," माझी मुलगी म्हणाली. ताईला हा प्रकार कळला तेव्हां ती प्रथम त्याच्यावर रागावली आणि मग फोनवर बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मलाही त्या आठवड्यांत त्याच्याकडे पाहून जरा चुटपुट लागे, हें कबूल केलें पाहिजे. दोन सीटांची गाडी गेली याची नव्हे, तर चांगलें वागल्याची पावती इतक्या तत्परतेनें नाकारली जावी याची.

अकराव्या दिवशीं फोन आला. दीर स्कॉटलंडांत होते, त्यांना सवड मिळाली नव्हती. त्यांनीं किंमत एकोणीसशें ठरविली होती. अभयनें गाडी गांवांतल्या मिस्त्र्याकडे उचलून खालून पाहून घेण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. गंजाचें काम अडीचशें पौंडांचें निघालें. तेवढें कमी करून साडेसोळाशेंना सौदा झाला. व्हिसाच्या पुडीला हात लागला नाहीं.

गाडी आणावयास मी पुन्हां बरोबर गेलों. पैसे पोंचल्याचा कागद झाला, नोंदणी बदलण्याची माहिती बाईंच्या समोरच सरकारकडे पाठविली गेली, किल्ल्या दोन मिळाल्या. अभयनें वही मागितली. जुन्या गाडीचा असा इतिहास हातीं असला म्हणजे पुढें विकतांना त्याचे दोन-तीनशें पौंड अधिक येतात, आणि हें त्याला चांगलें ठाऊक होतें. बाईंनीं वही दोन्ही हातांनीं धरली. "ही मी ठेवूं का?" त्या म्हणाल्या.

अभयनें मोबाइल काढला आणि स्वयंपाकघरांतल्या टेबलावर बसून एकेक पान उलटून त्याचे फोटो घेऊं लागला. बाई त्याच्या शेजारीं उभ्या राहून पान धरीत होत्या. मधेंच एका पानावर त्यांनीं हात ठेवला. २००९ सालच्या जून महिन्यांतल्या एका नोंदीपुढें कंसांत 'पाऊस. टप उघडाच ठेवला' असें लिहिलेलें होतें. "तो हट्ट माझा होता," त्या म्हणाल्या, आणि तें पान नीट यावें म्हणून त्यांनीं खिडकीचा पडदा सारला. एकंदर एकशें चौदा पानें झालीं.